बिनआवाजाचं बोलणं

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लोटू भांडत होता. मी भांडत नाही, बोलतो. बावीस वर्षं लूमच्या खात्यात काढलेल्या माणसाचं बोलणं असंच असतं. सुरतेत आम्ही लूमच्या कारखान्याला खातं म्हणतो. एका शेडमध्ये ऐंशी लूम, म्हणजे यंत्रमाग, सगळे एकदम चालू, बारा तास नुसता खडखडाट. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून मग कुणी ओरडतच नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं.

काही गोष्टींना हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. दोन बोटं एकमेकांवर घासली, सुताचा तार तुटला. अंगठा ओठाला लावला, चहा आला. तळहात गळ्यावरून आडवा फिरवला, मशीन बंद कर. या शेवटच्या खुणेने माझी जी काही फजिती केली, ती सांगतोच पुढे.

माझी पोरगी चंचल नऊ वर्षांची. आम्ही गोडादऱ्याला राहतो, खातं तिथून चालत दहा मिनिटांवर. शाळा सुटली की ती माझा डबा घेऊन यायची आणि दारात उभी राहायची. तिथूनच ओठांनी सुरू. आज भाजी कसली, बाईंनी कुणाला उभं केलं, मम्मी कशावरून चिडली. माझ्या शेजारचे आठ लूम धुडकू बघतो. आमच्याच खानदेशातल्या पारोळ्याकडचा, वयाने मोठा, गंभीर तोंडाचा माणूस. एकदा चंचल दारातून त्याला म्हणाली, “धुडकूबाबा, तुमनी पँट मांगून उसवनी.” आवाज नाही काही नाही, पण पँट मागून उसवलीय हे आख्ख्या लायनीने वाचलं. त्या दिवशी हसण्याच्या नादात किती तार तुटले ते विचारू नका.

तर अशी ही पोरगी. आणि तिचाच आवाज बसला.

सुंदरा, माझी बायको, दिवाळीपासून सांगत होती, “पोरगीना आवाज बदलना. डॉक्टरले दाखवा.” मी म्हणायचो, कुठे काय? चांगली तर बोलते. मला खरंच काही वेगळं वाटत नव्हतं. वाटणार कसं? बारीक आवाज माझ्या कानापर्यंत येतच नाही. घरात टीव्ही मी आवाजाचा आकडा शेवटाला नेऊन बघतो. पोरीचं बोलणं मी कानाने नाही, डोळ्यांनी ऐकत होतो, आणि ओठांना काही झालेलं नव्हतं. ही गोष्ट आठवली की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

फेब्रुवारीत तिला जिना चढताना धाप लागायला लागली. श्वास घेताना छातीखाली खड्डा पडायचा. तो मात्र मला दिसला. त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांनी दुर्बिणीने आत बघितलं. श्वासनळीत, बरोबर आवाजाच्या जागी, गाठ होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलण्यात स्पष्ट. म्हणाल्या, “गाठ साधी आहे, जिवावरची नाही. पण जागा वाईट आहे. काढावी लागेल. काढल्यावर आत सूज येईल, म्हणून गळ्याला खाली भोक पाडून नळी बसवू. बारा दिवस ती नळीतूनच श्वास घेईल, आवाज निघणार नाही. सूज उतरली तर नळी काढू. तेव्हा कळेल आवाज परत येतो की नाही.”

“नाही आला तर?” मी विचारलं. जरा जोरात विचारलं असणार, कारण बाहेर बसलेली चार माणसं आत डोकावली.

“तर नळी वर्षभर, कदाचित जास्त. आणि भाऊ, एक गोष्ट लक्षात ठेवा. या बारा दिवसांत तिने नळी ओढून काढली तर मिनिटांचा खेळ आहे.”

सुंदराने माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. त्या साडेचार तासांचं मी काही सांगणार नाही. एवढंच सांगतो, की धुडकू सकाळीच माझ्या घरी आला होता आणि म्हणाला होता, “तू जाय. तुना लूम मी देखस.” त्याचे आठ आणि माझे आठ, सोळा लूम. खात्यात चालणाऱ्याला विचारा, सोळा लूम एका माणसाने बघायचे म्हणजे काय. पाणी प्यायला उभं राहता येत नाही. पंधरा दिवस त्याने ते केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. देव कुठे असतो मला माहीत नाही, पण त्या पंधरा दिवसांत तो लूम नंबर सतरापासून बत्तीसपर्यंत फिरत होता हे मी शपथेवर सांगतो.

ऑपरेशन नीट झालं. चंचलला लहान मुलांच्या आयसीयूत ठेवलं. आत फक्त आईला, तेही सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. बापाने काचेच्या खिडकीतून बघायचं. खिडकी चांगली मोठी होती, आणि चंचलची खाट बरोबर समोर.

दुसऱ्या दिवशी तिला पूर्ण शुद्ध आली. मी काचेला नाक लावून उभा. तिने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पहिलं काम काय केलं, तर हात गळ्याकडे नेला. नळी पांढऱ्या पट्टीने मानेभोवती बांधली होती. तिने ती पट्टी धरली आणि ओढली.

मिनिटांचा खेळ, मिनिटांचा खेळ, एवढंच डोक्यात. काचेवर थापा मारल्या तशी तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी, बावीस वर्षांच्या सवयीने, जे करायचं तेच केलं. तळहात गळ्यावरून आडवा फिरवला. बंद कर! परत फिरवला. बंद कर, बंद कर! डोळे मोठे, दात आवळलेले, हात सपासप गळ्यावरून.

चंचलला कळलं. तिने लगेच पट्टी सोडली.

पण आत ड्युटीवर गामीत सिस्टर होत्या. व्याऱ्याकडच्या, उंच, चष्मा, कडक. त्यांनी काय बघितलं असेल? कालच जिचा गळा कापला त्या लेकराला एक राकट माणूस काचेतून गळा कापायची खूण करतोय. त्या ओरडल्याच, “आ भाईने बहार काढो!” दोन वॉचमन आले. मी समजावत होतो, पण माझं समजावणं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. जेवढं समजावलं तेवढा आवाज चढला, जेवढा आवाज चढला तेवढी त्यांची पकड घट्ट झाली. दोघांनी मला दोन्ही बगलांत धरून जिन्याने खाली आणलं आणि झाडाखालच्या बाकावर बसवलं. म्हणाले, वर दिसलास तर पोलीस.

सुंदरा धावत खाली आली. सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “व माय! तुमले दुसरी खूणच भेटनी नही का?” तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, हसू नको, वर जा.

संध्याकाळच्या अर्ध्या तासात ती आत जाऊन आली ती मात्र पडलेल्या चेहऱ्याने. चंचलने नंतरही दोनदा पट्टी ओढली होती, म्हणून त्यांनी तिचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. सुंदरा म्हणाली, “ती काहीतरी सांगी राह्यनी. तेच तेच परत सांगस. माले समजत नही.” सुंदरा घरी साड्यांना टिक्या लावायचं काम करते, खात्यात कधी उभी राहिलेली नाही. तिला ओठ वाचता येत नाहीत. सिस्टर पाण्याचं विचारत, शूचं विचारत, दुखतं का विचारत. पोर मान हलवायची, नाही, नाही, आणि परत तेच ओठ. लिहायला द्यावं तर हात बांधलेले, उजव्यात सलाईन.

मी बाकावर बसून होतो. पोरगी वर बोलत होती आणि तिचं बोलणं समजणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला त्यांनी झाडाखाली बसवलं होतं. मला राग आला. सिस्टरचा, वॉचमनचा, माझ्या हाताचा, माझ्या घशाचा, सगळ्यांचा. पण खरं सांगू, सगळ्यात जास्त भीती वाटत होती. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरा आत गेली आणि तिने सिस्टरांना धरलंच. आमची सुंदरा तशी गरीब स्वभावाची, मोडकं हिंदी बोलते. पण त्या दिवशी म्हणे ती म्हणाली, “मेरे आदमी को बुलाओ. वो लूम में काम करता है. उसको होठ पढ़ना आता है. वो गला काटने का नहीं बोला, मशीन बंद करने का बोला.” आणि सिस्टरांच्या समोर तळहात गळ्यावरून फिरवून दाखवला, मग हाताने लूम बंद करायचा अभिनय केला.

गामीत सिस्टर स्वतः खाली आल्या. मी उभा राहिलो. वाटलं आता पोलीसच. त्या म्हणाल्या, “चालो.”

खिडकीपाशी आलो. चंचलने मला बघितलं आणि तिचे ओठ सुरू झाले. घाईत, रडत, त्यामुळे पहिल्यांदा मलाही कळलं नाही. मी ओठांनीच म्हटलं, सावकाश, एक एक शब्द. तिने थुंकी गिळली आणि सांगितलं.

“पप्पा. नळी नही. पट्टी. मांगे. टोची राह्यनी.”

मी सिस्टरांना म्हटलं, “ती नळी ओढत नाहीये. पट्टीची गाठ मानेमागे टोचतेय. गाठ बघा, बाई, मागची गाठ!” आख्खा मजला हादरला असणार, पण या खेपेला कुणी मला गप्प केलं नाही. त्या आत धावल्या. त्यांनी आणि आतल्या दुसऱ्या सिस्टरने चंचलला हलकेच कुशीवर वळवलं, दुसरीने नळी धरून ठेवली, गामीत सिस्टरांनी मानेमागचे केस बाजूला केले. काचेतून मला दिसलं. गाठीखालची कातडी सोलून निघाली होती, रुपयाएवढा लाल चट्टा. पोरगी दोन दिवस त्याच गाठीवर डोकं टेकून पडली होती.

त्यांनी पट्टी बदलली, खाली कापूस घातला, गाठ बाजूला घेतली. चंचलने डोळे मिटले आणि तिची छाती पहिल्यांदा शांत हलताना मी बघितली. मग गामीत सिस्टरांनी तिचे दोन्ही हात सोडले. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी विचारलं, हात सोडले तर ओढणार नाही ना? मी काचेतून तोच प्रश्न ओठांनी विचारला. चंचलने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी मूर्खासारखं विचारलंय. “माले मरनं शे का?” ती म्हणाली. मी हे भाषांतर करून सांगितलं नाही. म्हटलं, नाही ओढणार.

सिस्टर बाहेर आल्या. चष्मा काढून पुसला. “लोटूभाई, माफ करजो.” मी म्हटलं, बाई, तुमच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं, वर दोन ठेवून दिल्या असत्या. आमच्या लेकराला धमकावणाऱ्या माणसाला तुम्ही हाकलून दिलं, याचं मला वाईट नाही वाटत. बरं वाटतं. हे मी त्यांना खूश करायला नाही म्हटलं. खाली बाकावर बसल्या बसल्या रागातसुद्धा माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं, की वर जी बाई आहे ती पोरीसाठी दोन वॉचमन बोलावणारी आहे.

त्यानंतर दहा दिवस ती खिडकी माझी झाली. एक प्लास्टिकची खुर्चीसुद्धा आली, कुणी ठेवली माहीत नाही. काही झालं की आतून हाक, “लोटूभाई, शुं कहे छे?” काय म्हणतेय ते मी वाचून सांगायचो. डोक्याखालची उशी पातळ करा. इंजेक्शन या हाताला नको, त्या हाताला द्या. सिस्टरांचा नवा चष्मा छान आहे. बाजूच्या खाटेवरचा बाबू सारखं का रडतो, त्याला माझी बाहुली द्या. नळी साफ करताना ती घाबरायची, गुदमरल्यासारखं व्हायचं तिला. मग मी काचेतून आकडे मोजायचो, ती माझ्या ओठांवर नजर ठेवून सोबत मोजायची. सातपर्यंत गेलं की झालेलं असायचं. चौथ्या दिवशी गामीत सिस्टरांनी आतून अंगठा ओठाला लावला. मला वाटलं, चंचलला काही हवंय. नाही. त्या मला विचारत होत्या, चहा घेणार का.

रविवारी खातं बंद, तेव्हा धुडकू आला. धुतलेला शर्ट घालून, हातात शहाळं, गंभीर तोंड. काचेपुढे उभा राहिला आणि पाऊण तास आवाज न काढता बोलला. खात्यातली सगळी खबर. शेठची नवी गाडी पहिल्याच दिवशी गटारात कशी गेली, नाश्त्याच्या गाडीवाल्याचा आणि आमच्या लायनीतल्या सुकदेवचा भजीवरून कसा वाद झाला. चंचल हसत होती. आवाज नाही, नळीतून नुसती हवा फुसफुसत होती, डोळ्यांतून पाणी. जाताना तो पाठमोरा झाला आणि तिला पँट दाखवली. नवी शिवलेली.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की त्या खडखडाटाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, पण तो नसता तर माझी पोरगी काचेच्या पलीकडे मुकी पडली असती. त्याने माझे कान घेतले हे खरं. पण हेही त्यानेच दिलं. मनातल्या मनात हात जोडले. खरंच जोडले.

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी पहिल्यांदा तिच्या खाटेजवळ उभा होतो. जवळून ती केवढीशी दिसत होती. डॉक्टरबाईंनी दुर्बिणीने बघितलं, म्हणाल्या, सूज उतरलीय. आता मी नळीच्या तोंडावर बोट ठेवते. हवा वरून जाईल. बेटा, तू बोल. काहीही बोल. आलं तर आलं, नाही आलं तर घाबरायचं नाही.

सुंदराने पदर तोंडात धरला. गामीत सिस्टर खाटेच्या पायथ्याशी. डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं.

चंचलचे ओठ हलले. “मम्मी, भूक लागनी.”

सुंदरा मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. गामीत सिस्टरांनी दोन्ही हात तोंडावर नेले. डॉक्टरबाई हसल्या, बाजूच्या खाटेवरच्या बाबूच्या आईने पण टाळी वाजवली. सगळ्यांचे चेहरे सांगत होते की आवाज आला.

मला काही ऐकू आलं नव्हतं.

मी कान लावला होता. सगळा जीव कानात आणला होता. बारा दिवस ज्या एका गोष्टीची वाट बघितली ती खोलीतल्या प्रत्येकाला मिळाली, वॉर्डातल्या आयाबाईलासुद्धा मिळाली, आणि माझ्या कानांपर्यंत आली नाही. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “ऐकलं ना पप्पांनी?”

“ऐकलं,” मी म्हटलं. “एकदम साफ.” आणि हसलो. आनंदाने हसलो, खोटं नाही. तिचा आवाज आला होता, मला ऐकू येवो न येवो. त्या क्षणाला मला एवढंच पुरे होतं.

पण चंचल माझ्याकडे बघत होती. मी तिचे ओठ वाचतो तशी ती माझं तोंड वाचते, हे मी विसरलो होतो. तिने मान तिरकी केली आणि नुसत्या ओठांनी विचारलं, “पप्पा, तुमले आयकू उनं नही ना?”

मी पण ओठांनीच म्हटलं, “नही, बेटा.”

ती जराशी विचारात पडली. मग तिने माझा हात ओढला. आमच्या खात्यात लूम नीट चालतोय की नाही हे कानाने कळत नाही, पत्र्यावर तळहात ठेवून बघावं लागतं, आणि हे ती दारात उभी राहून रोज बघत आलेली. तिने माझा तळहात उचलला आणि स्वतःच्या छातीवर, गळ्याच्या खाली, नळीपासून दूर ठेवला. वरून स्वतःचे दोन्ही हात दाबले. डॉक्टरबाईंना डोळ्यांनी म्हणाली, परत. त्यांनी परत बोट ठेवलं.

ती बोलली. माझ्या तळहाताखाली काहीतरी थरथरलं. थांबलं, परत थरथरलं. पप् पा.

मी हात काढला नाही. ती परत बोलली, परत, परत, डॉक्टरबाईंचं बोट तिथेच होतं, आणि मी सगळं ऐकलं.